लावलं आणि आवळलं

बुवांच्या गॅरेजात एका शब्दाला बंदी होती. शिव्या चालायच्या. बोटावर हातोडी बसल्यावर माणूस काय अभंग म्हणणार आहे? पण ‘झालं’ हा शब्द कुणी काढला, की बुवा गाडीखालून सरपटत बाहेर येत आणि काळ्या हातांनी चष्मा वर ढकलत.

“झालं म्हणजे काय झालं? जेवण झालं? लग्न झालं? की वाटोळं झालं? नीट सांग.”

चाकाच्या कामात तर त्यांच्याकडे दोनच शब्द होते. गाडी जॅकवर उचललेली असताना चाक बसवलं आणि नट नुसते हाताने फिरवले, की ते ‘लावलं’. मग गाडी खाली घ्यायची, चाक जमिनीला टेकवायचं, लांब दांड्याचा पाना घेऊन समोरासमोरचे नट एकाआड एक ओढायचे. दांडा हलेनासा झाला की मगच ‘आवळलं’. लावलेलं चाक आणि आवळलेलं चाक बाहेरून हुबेहूब सारखं दिसतं. त्यावर नट झाकणारी व्हीलकॅप बसवली, मग तर बघायलाच नको. म्हणून ‘आवळलं’ हा शब्द कानावर पडल्याशिवाय बुवा कुणाला किल्ली देत नसत, मग बाहेर गिऱ्हाईक कितीही नाचो.

माणूस तसा बारकाच. मान पुढे काढलेली, मनगटं मात्र जाडजूड, जणू दुसऱ्या कुणाची आणून बसवलेली. बुवा हे नाव त्यांना गिऱ्हाइकांनी ठेवलं होतं, कारण गाडी दुरुस्तीला आली की दुरुस्तीआधी प्रवचन व्हायचं. हवा सकाळी भरायची, टायर थंड असताना. धावून धावून तापलेल्या टायरातला आकडा खोटा असतो. स्टेपनीतली हवा कधी बघितली होती? नाही ना? मग ती स्टेपनी नाही, डिक्कीतलं ओझं आहे. गाडी काढण्याआधी जिथे उभी होती ती जमीन बघा. ओला डाग दिसला तर बोट लावा. पाणी असेल तर ठीक, तेल असेल तर माझ्याकडे या, आणि ब्रेकचं ऑइल असेल तर येऊ नका, मला बोलवा. लोक मान डोलवत आणि घड्याळ बघत. एक टॅक्सीवाला तर कानात बोळे घालून यायचा आणि बुवांना ते दाखवायचा.

बुवांची बायको त्याच गॅरेजात गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवायची. दोन गाड्या उभ्या राहतील एवढी जागा, वर पत्रा, आणि दोन गाड्यांच्या मध्ये, खांबाला टेकून, तिचं शिलाई मशीन. उजवीकडची गाडी बुवांची, डावीकडची तिच्या भावाची. हा मेहुणा अठरा वर्षांपासून तिथे कामाला होता. उंच, हाताचा चपळ, आणि तोंडाचा त्याहून चपळ. काम करताना शीळ घालायचा. बुवांना शीळ आवडायची नाही, पण ते म्हणत, “शीळ चालू असली की हात चालू आहे हे कळतं, म्हणून सोसतो.”

तर अशा या दोघांचं बोलणं बंद पडलं होतं.

भांडण काय, तर पाना. मेहुण्याने चाक आवळलं, “आवळलं” म्हणून सांगितलं, तरी बुवा उठून जात आणि प्रत्येक नटावर पुन्हा एकदा पाना फिरवत. अठरा वर्षं हेच. मेहुणा शीळ घालत दुसरीकडे बघायचा. पण त्या दिवशी गॅरेजात तीन गिऱ्हाइकं उभी होती, आणि त्यांतला एक हसून म्हणाला, “काय हो, अजून शिकाऊच का तुम्ही?”

मेहुण्याने हातातलं फडकं खाली आपटलं. “दाजी, अठरा वर्षांत माझा एक नट सैल निघालाय का? एक! दाखवा.”

“निघाला नाही, कारण मी बघतो.”

“निघाला नाही, कारण मी आवळतो! माझ्या मागून पाना फिरवता तेव्हा काय वाटतं मला, माहीत आहे? भर गल्लीत कुणी माझ्या खिशात हात घालून बघितल्यासारखं वाटतं.”

“बरं,” बुवा म्हणाले. त्यांचा आवाज अशा वेळी चढत नसे, उतरायचा. “आजपासून तुमच्या कामाला हात लावणार नाही. तुमची गाडी, तुमचे नट.”

‘तू’वरून ‘तुम्ही’वर आले तेव्हाच बायकोने मशीन थांबवलं. तिला नवऱ्याचा ‘तुम्ही’ माहीत होता. एकदा सख्ख्या भावाशी त्यांचा ‘तुम्ही’ सुरू झाला होता, तो दोन वर्षं टिकला होता.

त्यानंतरचे अकरा दिवस सगळं बोलणं तिच्यातून जायचं. खांबाच्या या बाजूने बुवा म्हणायचे, “विचार तुझ्या भावाला, दहाचा पाना कुठे ठेवलाय.” मेहुणा तीन हातांवर उभा, त्याला ऐकू गेलेलं असायचं. पण तो ताईकडे बघत थांबायचा. मग ताईने म्हणायचं, “भाऊ, दहाचा पाना?” मग तो म्हणणार, “सांग दाजींना, त्यांच्याच खिशात आहे.” आणि पाना खरंच बुवांच्या खिशात निघायचा. तीही वैतागली होती. कव्हराच्या कडा तिरप्या जायला लागल्या होत्या. सांगायचा निरोप ती आपल्या शब्दांत, जमेल तेवढा आखूड करून पुढे टाकायची. तोंड एक आणि निरोप पन्नास, दुसरं काय करणार?

बाराव्या दिवशी सकाळी नर्सबाई आल्या.

बुवांच्या सगळ्या गिऱ्हाइकांत त्यांचं प्रवचन शेवटपर्यंत ऐकणारं एकच माणूस, ते म्हणजे या बाई. सात वर्षांपूर्वी जुनी छोटी गाडी घेऊन आल्या तेव्हा बॉनेट कुठून उघडतं हेही त्यांना ठाऊक नव्हतं. पण येताना वही आणली होती, पेशंटचा ताप लिहायची, मागच्या पानांवर रेघा मारलेली. त्यात त्यांनी बुवांचा शब्द न् शब्द उतरवला. गाडी चालवताना फोन उचलायचा नाही, कुणाचाही, अगदी देवाचा आला तरी. नवा आवाज आला की आधी थांबायचं, मग विचार करायचा. बंद पडलेल्या गाडीमागे लाल त्रिकोण ठेवायचा, चाळीस पावलं मोजून. चाकाचे नट हरवले तर दुसऱ्या चाकाचा एक काढून लावायचा. तीन नटांवर गाडी हळूहळू गॅरेज गाठते, दोनांवर नाही. बुवा बायकोला म्हणायचे, “एवढं जर आपल्या मुलीने ऐकलं असतं तर ती आज विमान चालवत असती.” बायको म्हणायची, “ऐकलं नाही म्हणूनच सुखाने नांदते आहे.”

बाईंनी किल्ली टेबलावर ठेवली. “काका, दुपारी वडलांना घाटापलीकडच्या इस्पितळात न्यायचंय. प्लास्टर काढायचं आहे त्यांच्या पायाचं. तेवढं बघून ठेवाल? चाकांची जागाबदलही राहिली आहे. दहा हजार किलोमीटर झाले गेल्या आठवड्यात.”

“आकडा लक्षात ठेवलात?”

“वहीत आहे.”

बुवांना बरं वाटलं. बारा दिवसांत पहिल्यांदा बरं वाटलं.

गाडी डावीकडे लागली, कारण उजवीकडे एक इंजिन उघडून ठेवलं होतं. म्हणजे चाकं मेहुण्याकडे. त्याने पुढची मागे आणि मागची पुढे केली, ब्रेक साफ केले, तीन चाकं आवळली. चौथं, मागचं डावं, त्याने हाताने लावलं, जॅक उतरवला, आणि लांब पाना घ्यायला वळला तर पाना जागेवर नव्हता. आताच इथे टेकवून ठेवला होता. बुवांनी इंजिनाच्या पायाचा एक हट्टी बोल्ट काढायला तो नेला होता, न विचारता, कारण विचारायला बोलावं लागलं असतं.

“ताई, लांब पाना माग.”

“अहो, लांब पाना.”

“सांग, पाच मिनिटांत देतो.”

पाच मिनिटं नुसतं उभं राहायचं कशाला, म्हणून मेहुणा बाहेर झाडाखाली उभ्या असलेल्या दुसऱ्या एका गाडीत शिरला. तिथे ताईने शिवलेलं मागच्या सीटचं कव्हर बसवायचं होतं. कव्हर आखूड शिवलं गेलं होतं. तो गुडघे सीटवर रोवून ते ओढत बसला, आणि पाच मिनिटांची पंचवीस झाली. बोल्ट केव्हाच निघाला होता. बुवांनी पाना खांबाला टेकवून ठेवला. आणून द्यायला ते थोडेच जाणार?

तेवढ्यात बाई आल्या. रिक्षातून उतरून तशाच घाईने आत आल्या होत्या. “काका, गाडी देताय ना? डॉक्टर तीनला निघून जातात.”

बुवांनी हात पुसले. डाव्या गाडीकडे बघितलं. चारी चाकं जमिनीवर, जॅक बाजूला. मेहुणा नाही. ते खांबाशी आले आणि बायकोला म्हणाले, “विचार तुझ्या भावाला, चारी चाकं आवळली का.”

बायकोच्या तोंडात टाचण्या होत्या आणि पाय मशीनवर. तिने पाय न काढता मान बाहेर वळवली आणि दातांतून ओरडली, “भाऊ, झालं का?”

झाडाखालच्या गाडीतून, गुडघ्यांवरून, कव्हराची शेवटची कड सीटखाली कोंबत मेहुणा ओरडला, “झालं!”

बुवांनी ऐकलं. तो शब्द त्यांच्या कानात खड्यासारखा शिरला. एरवी ते गाडीभोवती फिरून विचारत आले असते की काय झालं, जेवण झालं का. पण तसं विचारायचं तर मेहुण्याच्या समोर उभं राहायला हवं होतं. आणि खांबाला टेकलेला पाना घेऊन प्रत्येक नटावर फिरवायचा, तर मग बारा दिवस तोंड बंद ठेवून मिळवलं काय? तुमची गाडी, तुमचे नट. त्यांनीच म्हटलं होतं.

त्यांनी बाकावरच्या चार व्हीलकॅप उचलल्या, एकेक करून चाकांवर ठेवल्या आणि तळव्याने ठोकून बसवल्या. मागच्या डाव्यावरची जरा जास्तच जोरात ठोकली. किल्ली दिली.

“सावकाश जा, बाई.”

“तुमच्यासमोर जोरात जायची हिंमत आहे का माझी?” बाई म्हणाल्या आणि गेल्या.

मेहुणा कव्हराशी झटून, घामाने भिजून आत आला तेव्हा पाऊण तास उलटून गेला होता. वाटेत आणखी एका गाडीचा फ्यूज बदलून आला होता, शीळ घालत. खांबाशी पाना दिसला. त्याने तो उचलला, डावीकडे वळला आणि थांबला. शीळ अर्ध्यावर तुटली.

“ताई, नर्सबाईंची गाडी कुठे आहे?”

“गेली की मघाशीच.”

तो पाना हातात धरूनच खाली बसला.  “ताई, सांग त्यांना...” तो म्हणाला, आणि तीन हातांवर उभ्या असलेल्या बुवांकडे न बघता, त्यांना ऐकू येतंय हे माहीत असून म्हणाला, “सांग दाजींना, मागचं डावं लावलंय फक्त. आवळलं नाही.”

बायकोने बुवांकडे तोंड वळवलं. सवयीने. “अहो, मागचं डावं...” आणि मग तिचं तिलाच कळलं ती काय करते आहे. तिने हातातली कात्री टेबलावर अशी आपटली की टाचण्यांचा डबा उलटला. “मेल्यांनो, बोला ना एकमेकांशी! बाई मरायची तिकडे!”

बुवांनी फोन लावला. रिंग जात राहिली. पुन्हा लावला. बाई उचलणार नव्हत्या. त्यांनीच शिकवलं होतं, देवाचा आला तरी. वहीत लिहिलेलं होतं.

“तू लावत राहा,” ते बायकोला म्हणाले, “थांबल्या की बघतील.”

गॅरेजची स्वतःची एक गाडी होती, सामान आणायची. तिला सगळे डबा म्हणत. जगाच्या गाड्यांना हवा भरणाऱ्या बुवांच्या या डब्याचं पुढचं चाक कायम बसलेलं, एक दिवा फुटका, आणि हॉर्न दोन वर्षांपासून मुका. दोघे त्यात चढले. मेहुणा चढण्यापूर्वी चारी चाकांना लाथ मारून आला. 

आधी बाईंच्या घराकडे. दाराला कुलूप. समोरची बाई वाळत घातलेले कपडे काढत होती, ती म्हणाली, “अर्धा तास झाला असेल. म्हाताऱ्याला मागच्या सीटवर आडवं बसवलं, पाय लांब करून.”

मागच्या सीटवर. म्हणजे त्या चाकाच्या वरच.

गावाबाहेरचा रस्ता चढणीला लागला. पुढे ट्रक आला की मेहुणा खिडकीतून हात बाहेर काढून दारावर धाडधाड मारायचा, तोच हॉर्न. बाकी वेळ तो मान बाहेर काढून डाव्या कडेचा चर बघत होता. काय बघतो आहे ते दोघांनाही ठाऊक होतं. गाडीच्या आधी चाक दिसेल. चढणीवर निखळलेलं चाक उलटं खाली धावत येतं, मोकळं सुटलेल्या वासरासारखं, आणि कुठे जाऊन आपटेल त्याचा नेम नाही.

दुसऱ्या वळणानंतर बुवा बोलायला लागले. मेहुण्याशी नव्हे. समोरच्या काचेशी.

“मी एकोणीस वर्षांचा होतो. वस्तादांकडे. टेम्पो आला होता, मागच्या चाकाचा. मी लावलं, आणि मला दुसऱ्या गाडीला ग्रीस भरायला पाठवलं. वस्तादांनी आतून विचारलं, काय रे, झालं का? मला वाटलं ग्रीसचं विचारतायत. म्हटलं, झालं.”

मेहुण्याने मान आत घेतली नाही.

“चौकात चाक सुटलं. एक माणूस सायकल हातात धरून उभा होता, रस्ता ओलांडायला. चाक त्याच्या कमरेत बसलं. जगला. पण नंतर चालला तो एका बाजूला कलूनच, पडक्या कुंपणासारखा. वस्तादांनी सगळ्यांना सांगितलं, चूक माझी. माझं नाव घेतलं नाही. तो माणूस आमच्याच गल्लीतला. त्याच्या सायकलीत वीस वर्षं मी हवा भरली. त्याला कधी कळलं नाही.”

रस्त्यावर एक बस आली आणि गेली.

“तुझ्या बहिणीलाही माहीत नाही,” बुवा म्हणाले.

मेहुणा चर बघतच होता. मग एकदम म्हणाला, “थांबवा.”

चरात, वाळलेल्या गवतात, व्हीलकॅप पडली होती. उन्हात चकाकत होती, नुकत्याच घासलेल्या ताटासारखी. मेहुणा उतरला, उचलून आणली. तिच्या आतल्या बाजूला खरवडल्याचे गोल ओरखडे होते. सुटलेला नट तिथे फिरत राहिला होता, बाहेर पडेपर्यंत. बुवांनी ती मांडीवर घेतली. ते ओरखड्यांवरून बोट फिरवत राहिले, किल्लीला हात लावेनात, तेव्हा मेहुण्याने काही न विचारता त्यांना बाजूला सरकवलं आणि स्टिअरिंग स्वतः धरलं.

पुढची दहा मिनिटं बुवांनी डोळे मिटून घेतले होते. वळण आलं की उघडायचे, आणि पुन्हा मिटायचे.

“त्रिकोण,” मेहुणा म्हणाला.

रस्त्याच्या कडेला लाल त्रिकोण. आणि त्याच्या पुढे, मोजून चाळीस पावलांवर, छोटी गाडी. चारी दिवे उघडझाप करत होते. उभी होती. सरळ उभी होती.

एका दगडावर प्लास्टरचा पाय पसरून म्हातारा बसला होता आणि शिव्या देत होता. नर्सबाई मागच्या डाव्या चाकाशी गुडघ्यांवर होत्या. हात कोपरापर्यंत काळे.

“मी चाळीस वर्षं बस चालवली!” म्हातारा यांना बघून ओरडला. “हिला म्हटलं, चालू दे, सीट कुरकुरते आहे. मागून टकटक, मग धपधप. म्हटलं, रस्ता वाईट आहे. तर ही म्हणते, नवा आवाज आहे. आणि उभी केली, भर चढणीत! चाळीस वर्षांत मी अशी गाडी उभी केली नाही!”

“बाबा, तुमच्या बसला प्रत्येक आवाज जुनाच होता,” बाई मान न वळवता म्हणाल्या.

दोन नट शिल्लक होते, तेही अर्धे बाहेर. बाईंनी ते हाताने फिरवून आत घेतले होते, पुढच्या चाकाचा एक काढून तिसरा लावला होता, आणि गाडीतल्या तुटपुंज्या पान्यावर पाय ठेवून, सगळं वजन टाकून त्या तो ओढत होत्या.

मेहुण्याने डब्यातून लांब पाना आणला. बुवांनी खाली बसून चाकाकडे बघितलं. चाकाची भोकं नटांभोवती अंड्यासारखी लांबट झाली होती. आणखी दोन-तीन वळणं, बस. “हे चाक काढू,” ते म्हणाले, “स्टेपनी लावू.” स्टेपनीत हवा अगदी बरोबर होती. असणारच होती.

काम चाललं असताना बाई उभ्या राहिल्या. हात पुसायला काही नव्हतं, म्हणून तसेच अंगापासून दूर धरले.

“काका, नट सैल कसे राहिले?”

बुवांनी तोंड उघडलं. “चूक...” म्हणाले.

“माझी,” मेहुणा म्हणाला. “मी आवळलं नव्हतं.”

“मी विचारलं नव्हतं,” बुवा म्हणाले. “विचारलं, पण...” आणि ते थांबले. अबोला, खांब, मशीन, टाचण्या. हे सगळं भर उन्हात प्लास्टर घातलेल्या माणसासमोर कसं सांगायचं? ऐकताना ते किती पोरकट वाटेल ते त्यांना बोलण्याआधीच ऐकू आलं.

बाईंनी दोघांकडे बघितलं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, “मी तुमच्यामुळे थांबले, काका. वहीत लिहिलं होतं म्हणून. आणि थांबावं लागलं तेही तुमच्यामुळेच. आता यातलं कुठलं लक्षात ठेवू?”

बुवांनी नटांची पुडी उघडली. 

ते खाली वाकले आणि डब्यातून आणलेले नट स्टेपनीवर आणि पुढच्या चाकावर लावले. मेहुण्याने दांडा ओढला, समोरासमोर, एकाआड एक. मग बुवांनी तोच पाना घेतला आणि प्रत्येक नटावर पुन्हा फिरवला. मेहुण्याने बघितलं, तोंड दुसरीकडे वळवलं नाही, शीळही घातली नाही.

“आवळलं?” बुवांनी थेट त्याला विचारलं.

“आवळलं.”

पुढचा महिनाभर दोघांत एवढा एकच शब्द सरळ जायचा. बाकीचं बोलणं ताईमार्फतच चालू होतं. लोकांना वाटतं एक संकट येतं आणि माणसं गळ्यात पडतात. तसं काही झालं नाही. मेहुण्याला समोरच्या काचेशी बोलत बसलेले बुवा आठवायचे आणि तो शीळ घालायचा थांबायचा, एवढंच. बुवांचं मात्र काहीतरी बिघडलं होतं. गाडी गेट ओलांडून गेली की ते हाक मारून ती परत बोलवायचे, व्हीलकॅप काढून नट बघायचे. स्वतः आवळलेले, स्वतः तपासलेले नट. टॅक्सीवाल्याने कानातले बोळे काढून विचारलं, “बुवा, आज प्रवचन नाही?” तर म्हणाले, “तुला काय सांगायचं?” आणि खाली सरकले. तो टॅक्सीवाला जरा वेळ तसाच उभा राहिला. बोळे हातातच.

महिना उलटल्यावर नर्सबाई आल्या. बुवांना वाटलं होतं, येणार नाहीत. ब्रेकचं काम होतं, चारी चाकं काढायचं. या खेपेला गाडी उजवीकडे लागली. काम बुवांनी स्वतः केलं. गॅरेजात पाच-सहा माणसं होती. दुपारी बाई आल्या, बुवांनी व्हीलकॅप बसवायला उचलली, तेव्हा त्या म्हणाल्या, “थांबा, काका.”

त्यांनी डिक्की उघडली, आपला पाना काढला. नवा होता, लांब दांड्याचा. पदर खोचला, खाली बसल्या आणि बुवांनी आवळलेल्या प्रत्येक नटावर, एकेक करून, पाना फिरवायला लागल्या. चार चाकं, सोळा नट. घाई नाही. गॅरेजातलं एकेक बोलणं थांबत गेलं. मशीनही थांबलं.

बुवा व्हीलकॅप हातात धरून उभे होते. मान खाली. आधी कान लाल झाले, मग मानेची मागची बाजू. गिऱ्हाइकांतला कुणीतरी खाकरला. बुवांनी इकडे तिकडे बघितलं, कुणी खिशात हात घालून बघत असताना माणूस बघतो तसं, आणि त्यांची नजर खांबापलीकडे गेली.

मेहुणा गाडीच्या टपावर कोपर टेकून बघत होता.

बाई सोळाव्या नटाशी होत्या. पाना हलला नाही. तरी त्यांनी दोनदा ओढून बघितला.

“दाजी,” मेहुणा ताईकडे न बघता म्हणाला. आवाजात टोमणा होता, पण सगळाच टोमणा नव्हता. “कसं वाटतं?”

 बुवांनी व्हीलकॅप चाकावर ठेवली. ठोकली नाही, दोन्ही अंगठ्यांनी हळूच दाबून बसवली.

“भर गल्लीत खिशात हात,” ते म्हणाले. “फिरवू दे त्यांना.”